घाटातली गाडी आणि सपाटीवरची गाडी

दिवाळीच्या सुट्टीत माझे दोन भाचे कराडला आजोळी आले होते. एक साताऱ्याचा, दुसरा सांगलीचा. दोघे मावसभाऊ, दोघेही दहावीत आणि दोघांनाही मोटारींचे भारी वेड. फराळाचे ताट पुढे असूनही दोघांचे लक्ष मोबाईलच्या पडद्यावरील एका लालभडक मोटारीकडे होते. मोटार जपानी, दोन दारांची, बसकी आणि मागे उतरत गेलेल्या टपाची. अशा मोटारीला 'कूपे' म्हणतात.

"अरे, हिच्या इंजिनात दमच नाही," सांगलीकर म्हणाला. "सरळ रस्त्यावर साधी मोटारही हिला मागे टाकील."

"सरळ रस्त्यावर कोणीही पळवील. यवतेश्वरच्या घाटात आण, मग कळेल," सातारकराने उत्तर दिले. "हलकी गाडी वळणावर जास्त वेगाने जाते."

शेवटी दोघेही माझ्याकडे वळले. "मामा, तुम्हीच सांगा, कोणाचे खरे?"

गंमत अशी की, हाच वाद जगभरच्या मोटारशौकिनांत अनेक वर्षे चालला आहे. आणि माझ्या भाच्यांची मते त्यांच्या गावांना शोभणारीच होती. साताऱ्याच्या भोवती यवतेश्वर, पसरणी, खंबाटकी असे घाट. सांगली मात्र कृष्णाकाठच्या सपाट प्रदेशात, तिथले रस्ते बरेचसे सरळ. ज्याने जो रस्ता पाहिला, त्याला मोटारीचा तोच गुण मोठा वाटला! पण मते कितीही असली तरी मोटार शेवटी पदार्थविज्ञानाचेच नियम पाळते. तेव्हा हा वाद आपण गणिताने तपासून पाहू या.

मोटार कोणती?

टोयोटा आणि सुबारू या दोन जपानी कंपन्यांनी मिळून ही छोटी कूपे २०१२ साली बाजारात आणली. टोयोटाने तिला 'जीटी ८६' हे नाव दिले. १९८३ साली टोयोटाने काढलेली 'एई ८६' ही हलकी मोटार जपानमधील घाटरस्त्यांवर फार लोकप्रिय झाली होती. नावातला ८६ हा आकडा तिची आठवण म्हणून आला.

नव्या मोटारीचे इंजिन १९९८ घनसेंटिमीटरचे होते. त्याची कमाल शक्ती १४७ किलोवॅट, म्हणजे सुमारे २०० अश्वशक्ती, आणि मोटारीचे वस्तुमान सुमारे १२४० किलोग्रॅम. इंजिनातील पिस्टन उभे नसून आडवे होते. दोन मुष्टियोद्धे समोरासमोर उभे राहून ठोसे मारतात, तसे ते दोन्ही बाजूंना हलत. त्यामुळे इंजिन बसके झाले आणि मोटारीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ४६ सेंटिमीटर इतका खाली आला.

शौकिनांत लगेच दोन तट पडले. एक तट म्हणे, अशी हलकी आणि चालवायला गोड मोटार कित्येक वर्षांत झाली नव्हती. दुसरा म्हणे, सगळे ठीक आहे, पण शक्ती कमी पडते. विशेषतः इंजिनाचे फेरे मिनिटाला साडेतीन ते साडेचार हजारांच्या दरम्यान असताना मोटार मरगळते, ही तक्रार सर्वत्र होती.

सांगलीकराची बाजू : शक्ती

शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर, हे तुम्ही शिकला आहात. मोटारीला ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर वेग द्यायचा आहे. चालकासह वस्तुमान १३०० किलोग्रॅम धरू. मग तिला द्यावी लागणारी गतिज ऊर्जा अशी :

½ × १३०० × (२७.८)² = सुमारे ५ लाख ज्यूल

इंजिन दर सेकंदाला १,४७,००० ज्यूल देते. तेव्हा ५ लाखांना १,४७,००० ने भागा. उत्तर येते सुमारे ३.४ सेकंद. प्रत्यक्षात मात्र या मोटारीला ७.६ सेकंद लागत. मग उरलेली चार सेकंदे गेली कुठे?

थोडी ऊर्जा हवेचा रोध आणि यंत्रातील घर्षण यांत गेली. गिअर बदलताना क्षणभर इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोहोचत नाही. पण मुख्य कारण वेगळेच आहे. १४७ किलोवॅट ही शक्ती इंजिन मिनिटाला ७००० फेरे घेते तेव्हाच मिळते. एरवी ती कमीच असते.

हे समजण्यासाठी 'पीळ' ही राशी पाहू. नट घट्ट करताना आपण पान्याच्या टोकाला जोर लावतो. लावलेले बल आणि पान्याची लांबी यांचा गुणाकार म्हणजे पीळ. इंजिनही आपला दांडा असाच पिळते. पीळ आणि फिरण्याचा कोनीय वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. पहिल्या मोटारीचा कमाल पीळ २०५ न्यूटन-मीटर होता, पण तो मिळे ६४०० फेऱ्यांच्या पुढे.

शौकिनांची तक्रार ऐकून असो वा अन्य कारणाने असो, २०२१ साली आलेल्या पुढच्या पिढीच्या 'जीआर ८६' या मोटारीत इंजिन २३८७ घनसेंटिमीटरचे झाले. तिचा २५० न्यूटन-मीटर पीळ मिनिटाला अवघ्या ३७०० फेऱ्यांवर मिळू लागला. ३७०० फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे ३८७ रेडियन. गुणाकार केला तर शक्ती येते जवळजवळ ९७ किलोवॅट. जुन्या मोटारीने याच फेऱ्यांवर आपला कमाल पीळ दिला असता, तरी ७९ किलोवॅटच मिळाले असते आणि प्रत्यक्षात ती तेवढाही देत नव्हती. नव्या मोटारीला ताशी १०० किलोमीटर वेग गाठायला ६.३ सेकंद पुरू लागले.

म्हणजे सांगलीकराची तक्रार खरी होती, पण अर्धीच. उणीव शक्तीच्या कमाल आकड्यात होती, त्याहून अधिक ती शक्ती केव्हा हाती येते यात होती.

सातारकराची बाजू : वळण

आता घाटात चला. वळणावर मोटारीला वळवण्यासाठी केंद्राकडे ओढणारे बल लागते. हे अभिकेंद्री बल येते टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून. वस्तुमान m, वेग v, वळणाची त्रिज्या r आणि घर्षण गुणांक μ मानू. मोटार घसरण्याच्या बेताला आली, की

mv²/r = μmg

दोन्ही बाजूंना m आहे. तो कटून जातो! उरते v² = μgr. म्हणजे या सूत्राप्रमाणे वळणावरील कमाल वेग वस्तुमानावर मुळीच अवलंबून नाही. हलकी मोटार आणि जड मोटार, दोघींची मर्यादा सारखीच. सातारकराचा चेहरा एकदम पडला.

पण त्याने इतक्यात हार मानायचे कारण नाही. हे सूत्र टायरला आदर्श मानते. खऱ्या टायरवर भार दुप्पट झाला, तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. शिवाय वळणावर भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. किती सरकतो, ते गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतरावर ठरते. आपल्या १३०० किलोग्रॅमच्या मोटारीत हे अंतर सुमारे १.५२ मीटर आहे. μ = ०.८ धरून जोरदार वळण घेतले, तर सुमारे ३१५ किलोग्रॅम भार बाहेर सरकतो. गुरुत्वमध्य ४६ ऐवजी ७० सेंटिमीटर उंच असता, तर सुमारे ४८० किलोग्रॅम सरकला असता. मग आतली चाके जवळजवळ नुसती टेकलेली राहिली असती आणि बाहेरच्यांवर सगळा ताण आला असता. बसक्या मोटारीत चारही चाके कामाची वाटणी अधिक समान करतात. हलक्या मोटारीला थांबवताना आणि वळवताना ब्रेक व टायर यांना कष्टही कमी पडतात.

तेव्हा सातारकराचे म्हणणेही अर्धे खरे. हलकेपणाचा उपयोग आहे, पण वळणावरचा खरा नायक म्हणजे टायरची पकड आणि खाली असलेला गुरुत्वमध्य.

इचलकरंजीची छोटी मोटार

हलक्या मोटारीचे वेड आपल्या भागाला नवे नाही. सांगलीपासून जवळच असलेल्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली दोन माणसांची एक छोटी मोटार स्वतः बनवली. तिचे नाव 'मीरा'. इंजिन मागच्या बाजूला होते आणि धक्के शोषण्यासाठी रबराचा उपयोग केला होता. पुढे अनेक वर्षे ते तिच्यात सुधारणा करीत राहिले. मीरा शर्यतीसाठी नव्हती, सामान्य माणसाला परवडावी यासाठी होती. कारखान्यात मोठ्या संख्येने ती कधीच तयार झाली नाही. पण वजन कमी असले की लहान इंजिनावरही भागते, हे सूत्र मीरा आणि जपानी कूपे या दोघींनाही लागू पडते.

गणित जिथे जिवावर बेतते

आता वादापेक्षा महत्त्वाची गोष्ट. समजा, घाटातील वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे. कोरड्या रस्त्यावर μ = ०.८ धरला, तर कमाल वेग येतो सेकंदाला १९.८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७१ किलोमीटर. पाऊस पडून μ निम्मा झाला, की तो ताशी ५० वर येतो. इंजिन २०० अश्वशक्तीचे असो की ४०० चे, या मर्यादेत एका मीटरचाही फरक पडत नाही. खंबाटकीच्या बोगद्यानंतरच्या इंग्रजी एस आकाराच्या वळणाने कित्येक बळी घेतले.

सपाटीवरचा धोका वेगळा. गळीत हंगामात सांगली-साताऱ्याच्या रस्त्यांवर रात्री उसाने लादलेल्या ट्रॉल्या चालतात. काहींना मागे दिवा नसतो. समजा, अशी ट्रॉली दिव्यांच्या उजेडात ५० मीटरवर दिसली. पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. त्यानंतर थांबायला v²/२μg इतके अंतर लागते. कोरडा रस्ता धरून केलेला हिशेब असा :

ताशी ६० किलोमीटर : १६.७ + १७.७ = सुमारे ३४ मीटर
ताशी ८० किलोमीटर : २२.२ + ३१.५ = सुमारे ५४ मीटर
ताशी १२० किलोमीटर : ३३.३ + ७०.९ = सुमारे १०४ मीटर

ताशी ६० ने येणारा वाचेल. ताशी ८० वाला ट्रॉलीवर आदळेल. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. हा वर्ग कोणाचीही गय करीत नाही.

सगळे ऐकून दोघे भाचे जरा वेळ गप्प बसले. मग सांगलीकर म्हणाला, "मामा, म्हणजे आमच्या ट्रॉलीला मागे लाल परावर्तक लावला, तर ती दुरून दिसेल. ते दोनशे अश्वशक्तीपेक्षा जास्त उपयोगाचे." सुट्टी संपवून घरी गेल्यावर त्याने ते काम खरोखरच केले.

करून पाहा

१. खरखरीत फळीवर एक नाणे ठेवा. शेजारी त्याच प्रकारची दोन नाणी एकमेकांना चिकटवून ठेवा. फळीचे एक टोक हळूहळू उचला. दोन्ही जवळपास एकाच कोनाला घसरतात का? वरच्या सूत्रातला m का कटला, ते यावरून सांगा.

२. त्याच फळीवर भरलेली काडेपेटी एकदा आडवी व एकदा उभी ठेवून प्रयोग पुन्हा करा. कोणती घसरते, कोणती उलटते? गुरुत्वमध्याचा विचार करून कारण लिहा.

३. ओल्या रस्त्यासाठी μ = ०.४ घ्या. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एकूण किती अंतरात थांबेल? ५० मीटरवरच्या ट्रॉलीला ती धडकेल की नाही, ते ठरवा.