टोपली विका, तब्येत विकू नका

पाऊस सुरू झाला की आमच्या मासवण भागात रस्त्याच्या कडेला रानभाज्यांच्या टोपल्या दिसू लागतात. आधी शेवळं, मग टाकळा, कुरडू, करटोली, बांबूचे कोंब. पिकवणाऱ्याने आपला माल स्वतः विकावा यासाठी सरकारनेही दारे उघडली आहेत. २०१६ साली फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला. त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू झाले. कृषी खाते पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवते. मधला अडत्या टळला, हे चांगलेच झाले. पण गिऱ्हाईक आणि विकणारी, दोघेही माझ्या दवाखान्यात येतात. म्हणून दोघांनाही चार गोष्टी सांगतो.

प्रथम गिऱ्हाइकांसाठी. पालेभाजी खुडली की तिच्यातले क जीवनसत्त्व तासागणिक कमी होत जाते. पहाटे खुडलेली जुडी सकाळी घेतली तर थेट खरेदीचा खरा लाभ. भाजी आधी धुवा, मग चिरा. थोड्या पाण्यात, झाकण ठेवून शिजवा. वर लिंबू पिळा, म्हणजे त्यातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नका. तो लोह शोषू देत नाही. शेवळं घशाला खाजते, कारण तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक कण असतात. काकडं किंवा चिंच घालून ती नीट शिजवावी लागते. रीत माहीत नसेल तर विकणाऱ्या मावशींनाच विचारा. अनोळखी पाला मात्र स्वतः खुडून खाऊ नका.

आता विकणाऱ्या भगिनींसाठी. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी लघवीला जळजळ होते म्हणून बाया येतात. "मावशी, काल पाणी किती प्यायलात?" असे विचारले की उत्तर ठरलेले: "पाणी प्यायलं तर जायचं कुठं, डॉक्टर?" पहाटेपासून दुपारपर्यंत लघवी तुंबवून ठेवली की जंतूंना वाढायला सवड मिळते. ताप, थंडी, कमरेच्या बाजूला दुखणे सुरू झाले तर दाह मूत्रपिंडापर्यंत गेल्याचा संशय घ्यावा. गरोदरपणी यामुळे दिवस भरण्याआधी कळा येऊ शकतात. त्रास होताच प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवी तपासून घ्या. दिलेल्या गोळ्या बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. पाण्याची बाटली टोपलीबरोबर ठेवा आणि शेजारणीवर टोपली सोपवून तीन-चार तासांनी उठाच.

दुसरी तक्रार थकवा, धाप आणि चक्कर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. सगळी टोपली विकून घरी कुरकुऱ्यांची पुडी नेणे हा तोट्याचा सौदा आहे. पहिली जुडी घरासाठी बाजूला काढा, मग भाव सांगा. गरोदर व स्तनदा मातांना आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. बाजाराचा दिवस म्हणून ते चुकवू नका.

शेवटी एक गोष्ट सर्वांसाठी. १९९९ साली आंध्रात रयतू बाजार आणि तामिळनाडूत उळवर संदै सुरू झाले. तेथे सरकारने शेतकऱ्याला ओळखपत्र दिले आणि बसायला हक्काची जागा दिली. म्हणजे नुसती परवानगी पुरत नाही, ओटाही लागतो. आपल्याकडे त्याला नळ आणि स्त्रियांसाठी दाराला कडी असलेले शौचालय जोडले पाहिजे. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात गावच्या बाजाराचा कारभार पाहण्याचा अधिकार ग्रामसभा व पंचायतीकडे असायला हवा. येत्या ग्रामसभेत भगिनींनी हा विषय लेखी मांडावा आणि गिऱ्हाइकांनी त्याला हात वर करून पाठिंबा द्यावा. लघवीच्या विकारावर मी गोळ्या देऊ शकतो; पण बाजारात शौचालय झाले तर त्यातल्या पुष्कळ गोळ्यांची गरजच पडणार नाही.