मोबाइल आणि बचावाचा सराव



२४ मे २०१९ रोजी आपल्या सुरतेत, सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड या इमारतीला आग लागली. त्यात २२ जणांचा अंत झाला. जिन्याने खाली येता न आल्याने कित्येक मुलांनी वरून उड्या घेतल्या. त्या प्रसंगाचे मोबाइलवर घेतलेले चित्रण साऱ्या देशाने पाहिले. तेव्हापासून माझ्या मनात एकच विचार आहे. हा मोबाइल आपण संकटाच्या आधी, सरावाच्या वेळी का वापरू नये?

प्रथम एक गोष्ट नीट समजून घ्या. प्रत्येक संकटात एकाच दिशेने जायचे नसते. आग लागली तर खाली उतरून मोकळ्या मैदानात जायचे. पूर आला तर वरच्या मजल्यावर जायचे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडले गेले आणि शहराचा मोठा भाग बुडाला. उकाई येथून सुमारे १०० किलोमीटर दूर, त्यामुळे तापीच्या पुराआधी थोडा तरी वेळ मिळू शकतो. जोरदार पावसाने खाडीचे पाणी चढते तेव्हा तेवढाही वेळ मिळत नाही. म्हणून आगीची घंटा वेगळी आणि पुराची वेगळी असावी.

आता मोबाइलचे उपयोग पाहू.

१. वेळ व चित्रण : गेल्या सरावात एक शिक्षक जिन्याच्या वळणावर आणि एक फाटकाजवळ मोबाइल घेऊन उभे राहिले. नंतर मुलांसोबत ते चित्रण पाहिले. रांग जिन्यात नव्हे, तर वर्गाच्या दारातच अडत होती, कारण लहान मुले दाराबाहेरच्या ढिगातून आपापल्या चपला शोधत होती. इतक्या वर्षांत आम्हा कोणाच्याही हे ध्यानात आले नव्हते. आता चपला दारापासून दूर, भिंतीलगत ठेवल्या जातात आणि सरावात त्या घालायच्या नाहीत, असा नियम केला आहे.

२. हजेरी : वर्गशिक्षकांनी रोज सकाळी हजेरीपटाचा फोटो काढून ठेवावा. पट वर्गात राहिला तरी मैदानावर मुलांची मोजणी बरोबर होते.

३. पालकांना संदेश : सरावाच्या दिवशी आम्ही सर्व पालकांना संदेश पाठवला. अनेकांची उत्तरे आली नाहीत. चौकशी केली तेव्हा कळले की कोणाचे सिम बदलले होते, तर कोणी लूमच्या खात्यात कामावर होते. यंत्रांच्या आवाजात फोन ऐकू येत नाही. यात पालकांचा दोष नाही, पण खऱ्या संकटात तुमचे मूल सुखरूप आहे हे तुम्हाला सांगायचे कसे?

४. सरकारी इशारा : २०२३ मध्ये देशभर मोबाइलवर मोठ्या आवाजाचे चाचणी संदेश आले होते. काही मुले घाबरली होती. हा संदेश टॉवरच्या परिसरातील फोनवर एकाच वेळी जातो, त्यासाठी कोणाचा नंबर लागत नाही. तो आल्यास घाबरू नये, नीट वाचावा.

मात्र सर्व भार मोबाइलवर टाकू नका. वीज गेली की टॉवर बंद पडू शकतात, बॅटरी संपते, आणि सर्वांनी एकदम फोन केले की लाइन लागत नाही. अशा वेळी लहानसा लेखी संदेश बहुधा पोहोचतो. तोही न पोहोचला तर घंटा, शिटी आणि कागदावरची यादीच कामी येते. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या कामाइशी शहरात भूकंपानंतर शाळकरी मुले सूचनेची वाट न पाहता उंच जागी धावली आणि त्सुनामीतून वाचली. सराव त्यांच्या अंगवळणी पडला होता. मोबाइलने सराव सुधारतो, पण सरावाची जागा तो घेऊ शकत नाही.

विद्यार्थ्यांसाठी गृहपाठ : आईचा किंवा वडिलांचा एक नंबर पाठ करा. अग्निशमन दलाचा १०१ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक वहीत लिहा. आपल्या घरातून बाहेर पडण्याचे दोन मार्ग शोधा.

पालकांना विनंती : आपला चालू नंबर आणि शेजाऱ्याचा किंवा नातेवाईकाचा एक नंबर वर्गशिक्षकांकडे लिहून द्या. सिम बदलल्यास त्याच आठवड्यात कळवा. सरावाच्या दिवशी संदेश आला तर फाटकावर गर्दी करू नका, फक्त ‘मिळाला’ एवढे उत्तर पाठवा. तुमच्या या एका शब्दाने आमची अर्धी काळजी मिटेल.