आधी विचारा, तुकडा कशात ठेवला होता?

स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट आला की घरातलं प्रत्येक माणूस त्यात एकच गोष्ट शोधतं, कॅन्सर आहे की नाही. ‘आहे’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पुढचं पान वाचलं जात नाही. पण औषधं कोणती द्यायची, ती किती वर्षं द्यायची, केमो लागेल की नुसत्या गोळीवर भागेल, हे सगळं त्या पुढच्या पानावरच्या तीन ओळींवर अवलंबून असतं. ईआर, पीआर आणि हर-टू. कॅन्सरच्या पेशींवर किंवा पेशींच्या आत असलेल्या या खुणा. डॉक्टर त्यांना मार्कर म्हणतात.

माझ्या थोरल्या वन्संच्या रिपोर्टमध्ये तिन्ही ओळींपुढे ‘निगेटिव्ह’ लिहिलेलं होतं. ट्रिपल निगेटिव्ह. या प्रकारावर हॉर्मोनची गोळी चालत नाही आणि हर-टूचं इंजेक्शनही चालत नाही, त्यामुळे मुख्य भिस्त केमोवरच, असं आम्हाला सांगण्यात आलं. वन्सं साठीला आलेल्या, मधुमेही. सहा महिन्यांच्या केमोचं नाव ऐकूनच घरातलं बोलणं बंद झालं.

तो रिपोर्ट चुकीचा निघाला. पेशीत ईआर होता, भरपूर होता. तो दिसेल अशा अवस्थेत ऊती प्रयोगशाळेत पोहोचलीच नव्हती. हे कसं घडलं ते सविस्तर सांगते, कारण असं दुसऱ्या कुणाच्याही घरी घडू शकतं आणि ते टाळता येतं.

तालुक्याच्या गावातल्या एका नर्सिंग होममध्ये शनिवारी दुपारी गाठ काढली. आधी सुईने तुकडा काढून तपासणी झाली नव्हती, ‘काढूनच टाकू, मग तपासायला पाठवू’ असं ठरलं होतं. तासाभराने नर्सबाईंनी भाच्याच्या हातात एक प्लास्टिकची बाटली दिली. बाटलीचं तोंड अरुंद होतं आणि लिंबाहून मोठी ती अख्खी गाठ आत दाबून बसवली होती. द्रव होता तो गाठ जेमतेम अर्धी बुडेल एवढा. चिकटपट्टीवर नाव आणि वय लिहिलं होतं, गाठ किती वाजता काढली ते नव्हतं. रविवारी लॅब बंद. सोमवारी बाटली जिल्ह्याच्या गावी गेली.

आता यात काय बिघडलं ते पाहा. शरीरातून काढलेल्या ऊतीचा रक्तपुरवठा तुटला की त्या क्षणापासून ती सडायला लागते. पेशीतलीच विकरं पेशीला आतून खायला लागतात आणि ज्या प्रथिनांवर पुढची सगळी तपासणी उभी असते ती मोडू लागतात. हे थांबवायला दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन लागतं, तेही ऊतीच्या निदान दहापट. ऊती काढल्यापासून तासाभराच्या आत ती त्यात पडली पाहिजे आणि सहा तासांपेक्षा कमी नाही, बहात्तर तासांपेक्षा जास्त नाही, इतका वेळ त्यात राहिली पाहिजे. शिवाय फॉर्मॅलिन ऊतीत शिरतं ते फार सावकाश, ढोबळमानाने तासाला एक मिलिमीटर. म्हणून मोठी गाठ तशीच बुडवून चालत नाही. पावाचे काप करावेत तसे अर्ध्या सेंटिमीटरचे काप पाडावे लागतात, म्हणजे द्रव मधपर्यंत पोहोचतो. आमच्या बाटलीत गाठ अख्खी होती आणि द्रव अर्धा होता. कडा टिकल्या, गाभा दोन दिवस कुजत राहिला.

हे आमच्या लक्षात आणून दिलं ते मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी. गाठीची एक कड पूर्ण निघालेली नव्हती, म्हणून दुसरी शस्त्रक्रिया करायला आम्ही तिथे गेलो होतो. त्यांनी आधीच्या लॅबमधून ऊती ज्यात बसवलेली असते तो मेणाचा ब्लॉक आणि सगळ्या स्लाइड मागवून घेतल्या. रिपोर्ट वाचून त्या पहिल्यांदा म्हणाल्या, “ग्रेड एक आणि ईआर निगेटिव्ह? ही जोडी सहसा जमत नाही.” मंद वाढणाऱ्या, ग्रेड एकच्या गाठींमध्ये ईआर जवळजवळ नेहमीच असतो. तो नाही असं आलं तर आधी तपासणीवर शंका घ्यायची, असा त्यांच्या शास्त्रातला दंडक आहे.

मी निवृत्त विज्ञान शिक्षिका. मॅडमना विनंती केली तेव्हा त्यांनी दोघांना एकाच वेळी पाहता येतं अशा सूक्ष्मदर्शकाखाली मला ती स्लाइड दाखवली. या तपासणीला आयएचसी म्हणतात. तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप काचेवर घेतात, त्यावर ईआरला नेमकी चिकटणारी अँटीबॉडी सोडतात आणि ती जिथे चिकटेल तिथे तपकिरी रंग उमटवतात. बाकी केंद्रकं निळी दिसतात. स्लाइडच्या अगदी कडेला एक अरुंद पट्टा होता आणि त्यातली केंद्रकं तपकिरी होती, चांगली गडद. काच थोडी आत सरकवली की रंग विरळ होत गेला आणि मधल्या भागात निळसर, पुसट, कडा विरघळलेल्या पेशी. मग मॅडमनी काच एका जागी थांबवली. “ही बघा, ही निरोगी नलिका. इथे कॅन्सर नाही. निरोगी नलिकेतल्या काही पेशींमध्ये ईआर असतोच असतो. त्या इथे रंगल्यात का?” एकही रंगली नव्हती. “मग ही टेस्ट निगेटिव्ह नाही म्हणायची. ही टेस्ट झालेलीच नाही.”

मला वाटतं, या साऱ्या प्रकरणात शिकण्यासारखं याहून मोठं काही नाही. त्याच काचेवर शेजारी असलेल्या निरोगी पेशी हा तपासणीचा साक्षीदार असतो. पॅथॉलॉजिस्ट त्याला इंटर्नल कंट्रोल म्हणतात. तो साक्षीदार गप्प असेल तर निगेटिव्ह या शब्दाला अर्थ उरत नाही. चांगल्या रिपोर्टमध्ये या कंट्रोलचा उल्लेख असतो, फॉर्मॅलिनमध्ये ऊती किती तास होती तेही लिहिलेलं असतं. वन्संच्या पहिल्या रिपोर्टमध्ये यातलं काहीच नव्हतं.

दुसऱ्या शस्त्रक्रियेत उरलेली ऊती आणि काखेतल्या गाठी काढल्या. त्या लगेच कापून फॉर्मॅलिनमध्ये गेल्या. नव्या रिपोर्टमध्ये ईआर नव्वद टक्क्यांहून अधिक पेशींमध्ये, ऑलरेड स्कोअर आठपैकी आठ. काखेत आजार पसरलेला नव्हता. डॉक्टरांनी केमो लागणार नाही असं सांगितलं. रेडिएशन झालं आणि लेट्रोझोल ही हॉर्मोनची गोळी, रोज एक, पाच वर्षांसाठी सुरू झाली. वन्सं आज घरी आहेत, स्वयंपाक करतात, नातवाला शाळेत सोडतात.

हे फक्त आपल्याकडच्या लहान गावातच होतं असं मात्र समजू नका. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये 1997 ते 2005 या काळात ईआरच्या शेकडो तपासण्या चुकल्या होत्या. 2005 मध्ये एका रुग्णाची तपासणी पुन्हा केली, तेव्हा उत्तर उलटं आलं. मग हजाराच्या घरात जुने नमुने टोरांटोच्या माउंट सायनाय रुग्णालयाकडे फेरतपासणीला गेले. साडेतीनशेहून जास्त रुग्णांचे निकाल बदलले. ज्या बायकांना गोळी मिळायला हवी होती, त्यांना ती वर्षानुवर्षं मिळाली नव्हती आणि काही जणी तोवर गेल्या होत्या. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगाने 2009 मध्ये अहवाल दिला. प्रयोगशाळेत दर्जा राखण्याची व्यवस्थाच धड नव्हती, हे त्यातून उघड झालं. सरकारी दवाखाना, श्रीमंत देश, तरीही हे घडलं.

तेव्हा घरात अशी वेळ आली तर माझं सांगणं असं. शस्त्रक्रियेआधीच कोअर बायोप्सीचा आग्रह धरा. त्यात जाड सुईने काडीसारखे बारीक तुकडे काढतात, फॉर्मॅलिन त्यांच्यात लवकर शिरतं आणि मार्कर विश्वासाने तपासता येतात. शिवाय शस्त्रक्रियेआधीच आजाराचा प्रकार कळला की केमो आधी द्यायची की नंतर, हेही शांतपणे ठरवता येतं. गाठच काढायची असेल तर सर्जनना नम्रपणे विचारा, ती कशात ठेवणार, कापून ठेवणार का आणि लॅबमध्ये कधी पोहोचणार. सुट्टीच्या आदल्या दिवशी शस्त्रक्रिया ठरत असेल तर हे नक्की विचारा. बरणी तुमच्या हातात दिली तर तिच्यावर ऊती काढल्याची वेळ आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहून मागा. सलाइनमध्ये किंवा नुसत्या पाण्यात दिलेला तुकडा घेऊन निघू नका.

हर-टूबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. त्याचा निकाल शून्य, एक, दोन, तीन अशा अधिक चिन्हांत येतो. तीन म्हणजे पॉझिटिव्ह. पण ‘टू प्लस’ आला तर उत्तर मिळालेलं नसतं. तेव्हा फिश नावाची दुसरी तपासणी करतात आणि पेशीत या जनुकाच्या किती प्रती आहेत ते मोजतात. तिला काही हजार रुपये लागतात आणि अनेक घरं तिथेच थांबतात. थांबू नका. हर-टूवरचं ट्रॅस्टुझुमॅब 1998 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेव्हा ते आपल्या आवाक्याबाहेर होतं. 2014 पासून भारतातच तयार होणाऱ्या त्याच्या स्वस्त आवृत्त्या मिळू लागल्या आहेत. ते मिळण्याचा दरवाजा या एका तपासणीने उघडतो.

आजार हाडात पसरला असेल आणि हाडाचा तुकडा तपासायचा असेल तर आणखी एक प्रश्न विचारा. हाड कापण्याआधी त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं आणि त्यासाठी तीव्र आम्ल वापरलं तर मार्कर नष्ट होतात. ईडीटीए नावाच्या रसायनाने ते काम हळू होतं, पण मार्कर टिकतात.

मेणाचा ब्लॉक जपा. फेरतपासणीसाठी स्लाइडबरोबर तो मागाच, कारण कापून काही आठवडे पडून राहिलेल्या काचांवर मार्कर फिके पडतात, ब्लॉकमध्ये मात्र ते वर्षानुवर्षं राहतात. अर्ज दिला, सही केली की तो मिळतो. पोच जपून ठेवा आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो गाडीत काचेजवळ ठेवू नका, मेण वितळतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक पुन्हा तपासून मिळतात. जवळची लॅब निवडताना तिला एनएबीएलची मान्यता आहे का आणि त्या मान्यतेत आयएचसी येतं का, ते पाहा. फेरतपासणीत काही दिवस जातात, पण तेवढ्या दिवसांनी आजाराचं काही बिघडत नाही. मात्र तिच्या नावाखाली महिनेच्या महिने घालवू नका.

रक्तातल्या मार्करचं शास्त्र वेगळं आहे, त्याची इथे सरमिसळ करू नका. वन्संचं कळल्यावर आमच्या नात्यातल्या एका तरुण मुलीने तपासणीच्या पॅकेजमध्ये सीए-125 करून घेतलं, ते वाढलेलं आलं आणि घरात पुन्हा रडारड झाली. तिला कॅन्सर नव्हता, एंडोमेट्रिओसिस होता, त्यातही ते वाढतं. सीए-125 पाळीत वाढतं, गरोदरपणात वाढतं, पोटाच्या टीबीतही वाढतं. कसलीही तक्रार नसताना धाकापोटी या तपासण्या करून पैसे आणि झोप घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चाळिशीनंतरची मॅमोग्राफी आणि स्तनात वेगळं काही जाणवलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाणं, याचा उपयोग कितीतरी जास्त आहे.

शेवटी, तालुक्याच्या आणि लहान गावांतल्या सर्जन मंडळींना हात जोडून एक विनंती. तुमच्याकडे येणाऱ्या बाईला मुंबई-पुणे परवडत नाही, म्हणून ती तुमच्यावर विश्वास टाकते. रुंद तोंडाची एक बरणी, पुरेसं ताजं बफर्ड फॉर्मॅलिन आणि वेळ लिहायला एक पेन, एवढं शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ आधीच तयार ठेवा. आणि गाठ बरणीत टाकण्याआधी ती कापा.