बुरशीचें वार्धक्य व त्याचें कारण

बुरशीस मरण नाहीं, अशी आपणां शेतकऱ्यांची समजूत असते. पुष्कळ जातींपुरती ती खरीही आहे. एक तुकडा ताज्या खाद्यावर ठेविला कीं वाढ पुढें चालू राहते. तथापि कांहीं बुरश्या म्हाताऱ्या होऊन मरतात. त्याचें कारण अळंबी पिकविणाऱ्यांनीं समजून घेण्याजोगें आहे.

बुरशीच्या पेशींत वंशलेख, म्हणजे डी.एन.ए., दोन ठिकाणीं असतो. मोठा लेख केंद्रकांत व लहान लेख तंतुकणिकांत. तंतुकणिका ही पेशीची चूल होय. अन्नापासून शक्ति तेथें निर्माण होते. केंद्रक हें जिल्ह्याचें दप्तर मानिलें, तर तंतुकणिकेंतील लेख हें तलाठ्याचें दप्तर समजावें. चुलीजवळचे कागद धगीनें करपावे, त्याप्रमाणें श्वसनक्रियेंत निघणारीं तीव्र द्रव्यें या लेखास इजा करतात. ती दुरुस्त करणारीं विकरें आहेत. परंतु त्यांचा हुकूम केंद्रकांतून सुटतो. म्हणून वरचें दप्तर बिघडलें तर खालचेंही बिघडतें.

बुरशीचें वार्धक्य फ्रान्समध्यें जॉर्ज रिझे यांनीं १९५३ सालीं दाखवून दिलें. गवत खाणाऱ्या जनावरांच्या शेणावर उगवणारी पोडोस्पोरा ही ती बुरशी. तिच्या तंतुकणिकांतील लेखाचा एक तुकडा सुटून बेसुमार वाढतो व मूळ लेख नाश पावतो, असें मागाहून कळलें.

दुसरें उदाहरण आपल्याच प्रांतांतील आहे. मुंबईजवळील आरे येथें न्यूरोस्पोरा बुरशीचे कांहीं वाण मिळाले. त्यांस ‘मरणहार’ हें नांव पडलें. त्यांच्या तंतुकणिकांत प्लाझ्मिड नांवाचा एक उपरा तुकडा असल्याचें १९९१ सालीं प्रसिद्ध झालें. तो मूळ लेखांत घुसून बसतो. अशा बिघडलेल्या प्रती चांगल्या प्रतींवर मात करतात. वाढ मंदावते व अखेर थांबते. हवाई बेटांतील ‘कालिलो’ वाणाचा दोषही असाच आहे. हा दोष आईकडून संततींत उतरतो.

न्यूरोस्पोरा जळालेल्या उसावर नारिंगी भुकटीसारखी दिसते. निफाडकडील ऊसवाल्यांनीं ती ध्यानांत ठेवावी. कर्नाटकांतील मद्दूरच्या अशाच बुरशीपासून बंगळूरचे रमेश माहेश्वरी व त्यांचे सहकारी यांनीं लवकर मरणारा एक वाण वेगळा केला व २००० सालीं त्याची माहिती प्रसिद्ध केली. येथें उपरा तुकडा कारण नव्हता. केंद्रकांतील एकाच जनुकांत दोष होता, आणि त्यामुळें तंतुकणिकांतील लेखाचे भाग गळून पडत होते. वरच्या दप्तराची देखरेख सुटल्यास काय होतें, तें यावरून दिसतें.

आतां आपल्या कामाचें. धिंगरीचें स्पॉन, म्हणजे अळंबीचें बियाणें, एकापासून दुसरें असें वारंवार वाढवीत गेल्यास त्याचा जोम कमी होतो. प्रत्येक वेळीं कारण वरीलच असेल असें नाहीं. तथापि उपाय एकच आहे. नकलेवरून नक्कल न काढतां अस्सलावरून काढावी. मूळ कल्चर थंड जागीं जतन करावें, प्रत्येक बाटलीवर तारीख व पिढी लिहावी, आणि ज्याची वाढ विरळ अथवा मंद दिसेल तें पुढील लागवडीस घेऊं नये. स्वस्त मिळालें म्हणून कितव्या पिढीचें आहे हें न विचारतां स्पॉन घेणाऱ्याचा भुसा, मजुरी व हंगाम तिन्ही वायां जाण्याचा संभव असतो.