रस्त्याचा खर्च कोणी द्यावा : टोल नाक्यावर की डिझेलच्या पंपावर?

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतील एका गाळ्यात लाकडी फर्निचरचे काम चालते. मालकाची दोन गिऱ्हाइके कायमची आहेत. एक कुर्ल्याला, दुसरे मीरा रोडला. मीरा रोड जवळ, कुर्ला लांब. तरीही मीरा रोडची फेरी आपल्याला महाग का पडते, असा प्रश्न त्यांनी विचारला. उत्तर त्यांना ठाऊक होते, ते म्हणजे दहिसरचा नाका. पण हा फरक न्याय्य आहे का, आणि रस्त्याचे पैसे घ्यायचेच असतील तर ते कसे घ्यावेत, हे त्यांना समजून घ्यायचे होते. आपल्या बहुतेक व्यापारी व कारीगर बंधूंचा हाच प्रश्न असल्याने त्याचा हिशेब येथे सविस्तर मांडत आहोत.

टेम्पो लिटरला 10 किलोमीटर जातो असे धरू. चारकोपहून मीरा रोडला जाऊन येणे साधारण 20 किलोमीटर, म्हणजे 2 लिटर डिझेल. कुर्ल्याला जाऊन येणे साधारण 45 किलोमीटर, म्हणजे साडेचार लिटर. केंद्र सरकारने 2018 च्या अर्थसंकल्पात पेट्रोल व डिझेलवर लिटरमागे 8 रुपये रस्ते व पायाभूत सुविधा उपकर बसवला. पुढे हा दर अनेकदा बदलला, म्हणून तो फक्त उदाहरणासाठी घेऊ. त्या दराने मीरा रोडच्या फेरीत उपकराचे 16 रुपये गेले आणि कुर्ल्याच्या फेरीत 36. जो जास्त रस्ता वापरतो तो जास्त देतो, हे कोणालाही पटेल.

आता टोल पाहा. मुंबईच्या प्रवेशद्वारांवर ऑक्टोबर 2023 पासून हलक्या मालवाहू वाहनाला 75 रुपये, ट्रक व बसला 150 आणि अनेक आसांच्या मोठ्या वाहनाला 190 रुपये असा दर लागू झाला. म्हणजे मीरा रोडच्या 20 किलोमीटरच्या फेरीत नाका एकदा ओलांडण्याचे 75 रुपये, आणि कुर्ल्याच्या 45 किलोमीटरला शून्य. महिन्याला 26 फेऱ्या धरल्या तर 1,950 रुपये. त्याच नाक्यावरून अहमदाबादकडे जाणारा तसाच टेम्पोही तेथे 75 रुपयेच देतो. आपण रस्ता किती वापरला हे नाक्याला कळत नाही. आपण रेघ ओलांडली, एवढेच त्याला कळते.

मग टोल आला कुठून? 1995 नंतरच्या युती सरकारच्या काळात मुंबईत 55 उड्डाणपूल बांधण्याची योजना निघाली. त्यासाठी व इतर कामांसाठी 1996 मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले. सरकारच्या तिजोरीत एवढा पैसा नव्हता. तेव्हा कर्ज काढायचे, पूल बांधायचे आणि शहरात येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांकडून वसूल करायचे असे ठरले. दहिसर, मुलुंडकडील दोन, ऐरोली आणि वाशी असे पाच नाके त्यातून उभे राहिले. 2010 मध्ये महामंडळाने 16 वर्षांच्या वसुलीचा हक्क एका कंपनीला देऊन 2,100 कोटी रुपये एकरकमी घेतले. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पुढच्या सोळा वर्षांची उधारी आजच कमी भावात विकून रोख उचलली. अडलेला दुकानदारही असे करतो. पण त्यानंतर वसुली किती व्हावी आणि कधी थांबावी यावरचा आपला हात सुटतो, हेही तोच दुकानदार जाणतो.

त्याचा अनुभव ऑक्टोबर 2024 मध्ये आला. राज्य मंत्रिमंडळाने 14 ऑक्टोबरच्या मध्यरात्रीपासून या पाचही नाक्यांवर मोटारींसारख्या हलक्या वाहनांचा टोल माफ केला. शाळेच्या व एसटीच्या बसगाड्याही सुटल्या. ट्रक सुटले नाहीत. करार मात्र चालूच होता, म्हणून बुडालेल्या वसुलीची भरपाई करण्याची जबाबदारी सरकारवर आली. 2015 मध्येही हेच घडले होते. त्या वर्षी राज्यात 12 नाके बंद झाले आणि 53 नाक्यांवर मोटारी व एसटीला माफी मिळाली, तेव्हाही ठेकेदारांना सरकारी तिजोरीतून पैसे द्यावे लागले. माफी म्हणजे खर्च नाहीसा होणे नव्हे. मोटारवाल्याच्या खिशातून जाणारे पैसे सर्वांच्या करातून गेले, ज्यांच्याकडे सायकलही नाही त्यांच्याही.

इंधनावरचा रस्ता-कर ही काही नवी कल्पना नाही, आणि तिच्या मुळाशी एक मुंबईकर आहेत. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली 1927 मध्ये रस्ते विकास समिती नेमली गेली. मोटारी वाढत होत्या, रस्ते उखडत होते, आणि जिल्हा बोर्डांकडे पैसा नव्हता. पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा, अशी शिफारस समितीने केली. त्यानुसार 1929 मध्ये गॅलनमागे दोन आणे जादा कर बसून केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. 1998 मध्ये पेट्रोलवर आणि 1999 मध्ये डिझेलवर लिटरमागे एक रुपया उपकर आला, आणि 2000 च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने त्याची वाटणी ठरवली. डिझेलच्या उपकराचा निम्मा हिस्सा ग्रामीण रस्त्यांना, आणि उरलेल्या रकमेतून राष्ट्रीय महामार्ग, राज्यांचे रस्ते व रेल्वे फाटकांवरील पूल यांना ठरलेले वाटे.

या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे वसुली स्वस्त पडते. कर तेल कंपनीच्या पातळीवरच कापला जातो. रस्त्यावर खोली नको, अडसर नको, माणूस नको. टोलला हे सारे लागते. फेब्रुवारी 2021 मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाल्यावर तेथील रांगा कमी झाल्या हे खरे. पण ज्याने दहिसरला संध्याकाळी भरलेला टेम्पो घेऊन वाट पाहिली आहे, त्याला रांगेचा खर्च वेगळा सांगायला नको. त्यात डिझेल जळते, हमालांची मजुरी बसल्या जागी चढते आणि गिऱ्हाइकाचे दुकान बंद होते.

तेव्हा इंधन-कर चांगला आणि टोल वाईट, असे म्हणून विषय संपवता आला असता. तसे नाही. इंधन-कराला तीन भोके आहेत, आणि ती दरवर्षी मोठी होत आहेत.

पहिले भोक वजनाचे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे 1958 ते 1960 या काळात रस्त्यांची एक प्रसिद्ध चाचणी झाली. आसावरचा भार वाढला की रस्त्याची झीज साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते, हे तिथे दिसले. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. आपल्याकडे 2018 मध्ये चार टायरच्या एका आसावरची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली गेली. भार वाढला सुमारे 13 टक्के. त्या नियमाने झीज वाढली सुमारे 60 टक्के. डिझेल काही 60 टक्के जास्त जळत नाही. म्हणजे जादा भरलेला ट्रक रस्त्याचे जे नुकसान करतो, ते पंपावर वसूल होतच नाही. ते बाकीच्यांच्या माथी येते. एका फेरीत दोन फेऱ्यांचा माल कोंबणाऱ्याला आपण हुशार म्हणतो. रस्त्याच्या हिशेबाने तो शेजाऱ्याच्या पैशावर धंदा करतो.

दुसरे भोक गॅसचे व विजेचे. रस्त्याचा उपकर पेट्रोल व डिझेलवर आहे, सीएनजीवर नाही. मुंबईतील रिक्षा-टॅक्सी आणि पुष्कळसे छोटे टेम्पो सीएनजीवर चालतात. राज्याने 1 एप्रिल 2022 पासून सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून 3 टक्के केला. हवेसाठी हे चांगलेच. पण रस्ता तितकाच झिजतो. विजेवरच्या टेम्पोचे तर पंपाशी नातेच नाही. जसजशा अशा गाड्या वाढतील तसतसा इंधन-कराचा झरा आटत जाईल आणि उरलेल्या डिझेलवाल्यांवर भार वाढेल. आपल्यातील जे छोटे वाहतूकदार जुनी गाडी चालवतात आणि नवी घेण्याची ज्यांची ऐपत नाही, त्यांनी याचा विचार आताच करावा.

तिसरे भोक सर्वांत मोठे, आणि ते चारकोपच्या गाळ्यासमोरच दिसते. पावसाळ्यात वसाहतीबाहेर जो खड्डा पडतो तो कोणत्या पैशातून बुजतो? दहिसरच्या टोलमधून नाही. तो पैसा उड्डाणपुलांच्या हिशेबातला. डिझेलच्या उपकरातूनही नाही, कारण 2000 च्या कायद्यातील वाटणीत शहराच्या अंतर्गत रस्त्यांना वेगळा वाटा नव्हता. डिझेलवर राज्याचा जो व्हॅट आहे (मुंबईत 1 जुलै 2024 पासून 24 ऐवजी 21 टक्के), तो राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो, त्यावर रस्त्याचे नाव लिहिलेले नाही. तो खड्डा बुजवते महापालिका, आपल्या उत्पन्नातून. मालमत्ता करातून, आणि 1 जुलै 2017 रोजी जकात बंद झाल्यापासून तिच्या बदल्यात राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईतून. म्हणजे आपला टेम्पो ज्या रस्त्यावर दिवसातून दहा वेळा फिरतो, त्या रस्त्याशी ना टोलचा संबंध ना उपकराचा.

मग शहराच्या आतल्या रस्त्यांवरच टोल बसवावा का? कोल्हापुरात तो प्रयोग झाला. सुमारे 49 किलोमीटरचे शहरातील रस्ते खासगी कंपनीकडून बांधून घेऊन शहराच्या वेशीवर टोल लावला गेला. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखी वयोवृद्ध माणसे रस्त्यावर उतरली, वर्षानुवर्षे आंदोलन चालले, आणि 2015 च्या अखेरीस सरकारने तो रद्द केला. घरी जायला दुसरा रस्ताच नसेल तर टोल हे वापराचे मोल राहत नाही, तो दारावरचा कर होतो.

मुंबईला हे फार पूर्वी कळले होते. शीवचा बांध 1805 च्या सुमारास पुरा झाला, तेव्हा त्यावर टोल होता. तो 1831 मध्ये उठला. पुढे माहीम व वांद्रे जोडणारा बांध बांधण्यासाठी लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी दीड लाखांहून अधिक रुपये दिले आणि अट घातली की या वाटेवर सरकारने टोल घेऊ नये. उपनगरांतून भाजी, मासळी, दूध घेऊन येणाऱ्यांना ती वाट मोफत मिळाली.

आमचे मत असे. रोजच्या रस्त्यांची डागडुजी इंधनावरच्या करातूनच व्हावी, मात्र त्यात शहराच्या रस्त्यांचा वाटा ठरवून दिलेला असावा. नवा मोठा पूल किंवा बोगदा असेल, आणि जवळच मोफत जुनी वाट असेल, तरच टोल लावावा. किती खर्च झाला, किती वसूल झाला आणि किती उरला, हे आकडे नाक्यावरच फलकावर लिहिलेले असावेत. जड वाहनाला भाराच्या हिशेबाने जादा आकार असावा, आणि गॅस व विजेच्या गाड्यांना वार्षिक वाहनकरात रस्त्याचा थोडा भाग द्यावा लागावा. शेवटची गोष्ट आपल्यातल्या काहींना आवडणार नाही, कारण त्यांनी नुकतेच टेम्पो सीएनजीवर आणले आहेत.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत आपल्या वहीत एक बदल आजच करता येतो. वाहतुकीचा खर्च महिन्याच्या एकूण रकमेत न टाकता फेरीगणिक लिहावा, आणि तो त्या फेरीतील नगांवर वाटावा. 75 रुपयांचा टोल 60 खुर्च्यांवर सव्वा रुपया पडतो, 15 खुर्च्यांवर 5 रुपये. डिझेलवरच्या व्हॅटचे क्रेडिट जीएसटीत मिळत नाही, म्हणून तो पूर्ण भावातच धरावा. फास्टॅगचे मासिक विवरण छापून खर्चाच्या पावत्यांबरोबर ठेवावे. सुरुवातीला ज्यांचा उल्लेख केला त्या गाळेमालकांनी असा हिशेब केला, तेव्हा मीरा रोडला ते आठवड्यातून सहा अर्धे टेम्पो पाठवत होते असे निघाले. आता शेजारच्या ग्रिलवाल्याबरोबर ते तीन भरलेले टेम्पो पाठवतात, आणि नाक्याचे पैसे दोघांत वाटले जातात.