हॅनोव्हरचे 'स्कॉर्पियन्स'

जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं रुडोल्फ शेंकर यांनीं 1965 सालीं 'स्कॉर्पियन्स' हें वादकमंडळ स्थापिलें. विजेच्या गिटारींचा प्रचंड नाद हा त्यांच्या 'हेवी मेटल' संगीताचा बाणा. वडील मंडळींस तो रुचेलच असें नाहीं!

पुढें 'ब्लॅकआउट' या तबकडीच्या तयारींत गायक क्लाउस माइने यांचा आवाजच गेला. मंडळ सोडण्याची तयारी त्यांनीं स्वतः दाखविली. पण सोबती थांबले. स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली, गळा पुन्हां तयार करावा लागला आणि 1982 सालीं ती तबकडी त्यांच्याच आवाजांत निघाली.

2010 सालीं मंडळानें निवृत्तीची घोषणा केली. ती कांहीं टिकली नाहीं. 2022 च्या फेब्रुवारींत 'रॉक बिलीव्हर' हा नवा गीतसंग्रह आला. महामारीमुळें अमेरिकेचा बेत फसला, म्हणून तो हॅनोव्हरासच ध्वनिमुद्रित झाला. गायक अर्थात् माइनेच. वय वर्षें 73.