संगणक-भाषांचीं नांवें

नांव हें केवळ हांक मारण्याचें साधन नव्हे. नांव ठेवणाऱ्याच्या मनाचा ठसाही त्यांत उमटतो. संगणकास आज्ञा देण्यासाठीं ज्या भाषा रचण्यांत आल्या, त्यांचीं बारशीं कशीं झालीं, हें आम्ही आज आमच्या बालवाचकांस थोडक्यांत सांगणार आहों.

कांहीं नांवें कामावरून पडलीं. इ. स. १९५७ मध्यें जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं आयबीएम कंपनींत 'फोर्ट्रान' भाषा सिद्ध केली. गणिताच्या सूत्रांचें यंत्राच्या भाषेंत भाषांतर करणें हें तिचें काम. म्हणून 'फॉर्म्युला' व 'ट्रान्स्लेशन' या शब्दांचे आरंभींचे भाग जोडून हें नांव बनविलें.

कांहीं नांवें वंशपरंपरेनें आलीं. केन टॉम्प्सन यांच्या 'बी' भाषेपासून डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास नवी भाषा घडविली; तिचें नांव 'सी'. 'बी'ची जननी 'बीसीपीएल'. तिच्या नांवांतही आणि वर्णमालेंतही 'बी'पुढें 'सी'च येतो!

कांहीं नांवें विनोदानें पडलीं. 'पायथन' म्हणतांच अजगर डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु १९९१ मध्यें ती प्रसिद्ध करणारे डच गृहस्थ खिदो फान रोसुम यांनीं तें नांव बीबीसीच्या 'मॉंटी पायथन' या विनोदी कार्यक्रमावरून घेतलें. सारांश, नांवावरून अर्थाचा तर्क करतांना सावध असावें.

परंतु आम्हांस सर्वांत प्रिय आहेत तीं कृतज्ञतेचीं नांवें. निक्लाउस विर्ट यांनीं १९७० मध्यें आपल्या भाषेस 'पास्कल' हें फ्रेंच गणितज्ञाचें नांव दिलें. 'एडा' या नांवाची कथा तर विशेष मननीय आहे. एडा लव्हलेस यांचा जन्म १८१५ सालचा. त्यांच्या मातेनें त्यांस लहानपणींच गणिताचें शिक्षण देवविलें. चार्लस् बॅबेज यांनीं योजिलेल्या गणनयंत्राकडून विशिष्ट संख्या कशा काढवाव्या, हें एडांनीं १८४३ मध्यें टिपणें लिहून दाखविलें. त्यांखालीं पूर्ण नांव नव्हतें. होतीं केवळ तीन आद्याक्षरें! पुढें १९७९ मध्यें अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें आपल्या नव्या भाषेस 'एडा' हें नांव दिलें, आणि तिच्या अधिकृत नियमग्रंथास क्रमांक दिला १८१५.

ज्या नांवास एका काळीं पानाच्या तळाशींही पूर्ण जागा मिळाली नाहीं, तें आतां एका भाषेचें नांव झालें आहे. मुलींनो, आपल्या कामाखालीं आपलें नांव पूर्ण लिहीत जा. आणि पालकहो, कन्येच्या हातांत गणिताची वही दिसल्यास "हिला हें कशाला?" असें म्हणण्यापूर्वीं एडांच्या मातेचें स्मरण करावें, एवढीच आमची विनंती.